विश्लेषण : रूळ जागेवर, गाड्या बंद! शेजारी देशांत रेल्वेने जाणे इतके अवघड का?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून निघणारी पंजाब मेल आज फिरोजपूरला थांबते. पश्चिम रेल्वेची गोल्डन टेम्पल मेल अमृतसरला थांबते. फाळणीपूर्वी या दोन्ही गाड्यांचे शेवटचे स्थानक पेशावर होते. पंजाब मेल १९१२ पासून तिथवर जात होती. ‘फ्रंटियर मेल’ या नावाने १९२८ मध्ये सुरू झालेली दुसरी गाडी दिल्ली, लाहोरमार्गे वायव्य सरहद्दीपर्यंत धावत असे. १९४७ मध्ये नकाशावर रेघ ओढली गेली आणि मुंबईच्या दोन प्रसिद्ध गाड्यांचा प्रवास रेघेच्या अलीकडेच संपू लागला.

त्यानंतर सीमेपलीकडे जाणाऱ्या गाड्या भारताने अनेकदा सुरू केल्या आणि अनेकदा बंद झालेल्या पाहिल्या. २०२५ संपताना पाकिस्तानला जाणारी एकही प्रवासी गाडी सुरू नव्हती. बांगलादेशच्या तिन्ही गाड्या जुलै २०२४ पासून थांबलेल्या होत्या. सुरू होती ती बिहारमधून नेपाळमध्ये जाणारी एक छोटी गाडी. त्याच वर्षी भूतानपर्यंत पहिल्यांदाच रेल्वे नेण्याची घोषणाही झाली. एकीकडे नवे मार्ग टाकायचे आणि दुसरीकडे तयार मार्ग रिकामे, असे का घडते? सीमा ओलांडणारी गाडी सुरू ठेवण्यासाठी नेमके काय लागते?

समझोता आणि थर एक्स्प्रेसचे काय झाले?

भारत-पाकिस्तानमधील १९७२ च्या सिमला करारानंतर संबंध सुरळीत करण्याचा एक भाग म्हणून २२ जुलै १९७६ रोजी समझोता एक्स्प्रेस सुरू झाली. अमृतसर ते लाहोर हे अंतर जेमतेम ५० किलोमीटर. सुरुवातीला ही गाडी रोज धावत असे. १९९४ पासून ती आठवड्यातून दोनदा धावू लागली. पुढे अटारी स्थानकावर प्रवाशांना सामानासह उतरवून तपासणी करण्याची आणि तिथून पुढच्या गाडीत बसवण्याची पद्धत रूढ झाली. दिल्लीहून अटारीपर्यंत जोडगाडी असे. सहा महिने भारताचे डबे आणि सहा महिने पाकिस्तानचे, अशी वाटणीही ठरलेली होती.

या गाडीचे वेळापत्रक रेल्वेपेक्षा राजकारणच जास्त ठरवत आले. संसदेवरील हल्ल्यानंतर जानेवारी २००२ मध्ये ती बंद झाली आणि दोन वर्षांनी, जानेवारी २००४ मध्ये पुन्हा सुरू झाली. १८ फेब्रुवारी २००७ च्या रात्री हरियाणातील पानिपतजवळ या गाडीत स्फोट झाले. त्यात ६८ जण मृत्युमुखी पडले. मृतांमध्ये बहुसंख्य पाकिस्तानी नागरिक होते. तरीही गाडी चालू राहिली. बालाकोटच्या कारवाईनंतर फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस ती थांबली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा निघाली. जम्मू-काश्मीरचा विशेष दर्जा रद्द झाल्यावर ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने ती थांबवली. तेव्हापासून ती धावलेली नाही.

राजस्थानातील मुनाबाव आणि सिंधमधील खोखरापार यांना जोडणाऱ्या थर एक्स्प्रेसची कथाही अशीच आहे. १९६५ च्या युद्धात हा मार्ग तुटला. तो जोडायला ४१ वर्षे लागली. फेब्रुवारी २००६ मध्ये गाडी सुरू झाली आणि साडेतेरा वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये बंद पडली. सिंध आणि राजस्थान या दोन्हीकडे नातेवाईक असलेल्या कुटुंबांसाठी हा सर्वांत सरळ आणि स्वस्त रस्ता होता. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर अटारीची रस्त्यावरील चौकीही बंद करण्यात आली. त्यामुळे रेल्वे नाही तर निदान पायी सीमा ओलांडू, हा मार्गही उरला नाही.

बांगलादेशच्या तीन गाड्या कशा सुरू झाल्या?

बंगालच्या दोन भागांमधील रेल्वे फाळणीनंतरही अनेक वर्षे चालू होती. कोलकात्याहून पूर्व पाकिस्तानात प्रवासी गाड्या जात. १९६५ च्या युद्धाने त्या बंद पाडल्या. १९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाला, दोन्ही देशांचे संबंध मैत्रीचे झाले, तरी प्रवासी गाडी सुरू व्हायला २००८ उजाडले. बंगाली नववर्षाच्या मुहूर्तावर, १४ एप्रिल २००८ रोजी कोलकाता-ढाका मैत्री एक्स्प्रेस निघाली.

नोव्हेंबर २०१७ मध्ये पेट्रापोल-बेनापोलमार्गे खुलन्याला जाणारी बंधन एक्स्प्रेस आली. उत्तर बंगालमधील हल्दीबाडी आणि पलीकडचे चिलाहाटी यांच्यातील मार्ग ५५ वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये पुन्हा जोडला गेला. त्यावरून न्यू जलपाईगुडी ते ढाका अशी मिताली एक्स्प्रेस १ जून २०२२ पासून धावू लागली. ईशान्येकडे आगरतळा ते अखौरा हा १२.२४ किलोमीटरचा मार्ग बांधून त्याचे उद्घाटन १ नोव्हेंबर २०२३ रोजी झाले. त्रिपुराची राजधानी आगरतळा आणि कोलकाता यांच्यातील रेल्वे प्रवास आज आसाममार्गे मोठा वळसा घालून सुमारे १६०० किलोमीटरचा होतो. बांगलादेशातून गेल्यास तो जवळपास एक तृतीयांशावर येईल, असा त्यामागचा हिशेब होता.

जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात आरक्षणविरोधी आंदोलन पेटले आणि तिन्ही गाड्या थांबल्या. ५ ऑगस्टला शेख हसीना यांनी देश सोडला. सरकार बदलले, वर्ष उलटले, तरी २०२५ संपेपर्यंत गाड्या सुरू झाल्या नाहीत. आगरतळा-अखौरा मार्गावर तर उद्घाटन होऊनही नियमित प्रवासी सेवा सुरू झालीच नव्हती.

गाडी सीमा ओलांडते, म्हणजे नेमके काय होते?

मुंबई-दिल्ली गाडी सुरू करायची असेल तर रेल्वे मंत्रालयाचा निर्णय पुरेसा असतो. परदेशात जाणाऱ्या गाडीसाठी किमान चार मंत्रालयांच्या फायली एकाच वेळी पुढे सरकाव्या लागतात. परराष्ट्र मंत्रालय दुसऱ्या देशाशी करार करते. रेल्वे मंत्रालय डबे, इंजिन, वेळापत्रक आणि उत्पन्नाची वाटणी ठरवते. गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत इमिग्रेशन, व्हिसा आणि सुरक्षा येते. अर्थ मंत्रालयाला त्या स्थानकावर सीमाशुल्क तपासणीची सोय करावी लागते. हेच सगळे पलीकडच्या देशातही व्हावे लागते. म्हणजे दोन्हीकडची मिळून आठ खाती झाली. त्यातले एक जरी आडले तरी गाडी यार्डातच उभी राहते.

तपासणी कुठे करायची, हा यातला सर्वांत किचकट प्रश्न. मैत्री एक्स्प्रेसच्या पहिल्या साडेनऊ वर्षांत ती सीमेवर होत असे. भारतातील गेदे स्थानकावर सगळे प्रवासी सामान घेऊन उतरत, रांगेत उभे राहत, शिक्के घेऊन पुन्हा गाडीत बसत. थोड्याच अंतरावर बांगलादेशातील दर्शना स्थानकावर हाच सोपस्कार पुन्हा होत असे. सुमारे पावणेचारशे किलोमीटरच्या प्रवासात कित्येक तास नुसते थांबण्यात जात. वृद्ध आणि आजारी प्रवाशांचे हाल होत.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ही तपासणी दोन टोकांच्या स्थानकांवर हलवण्यात आली. कोलकाता स्थानकावर गाडीत बसण्यापूर्वीच भारतातून बाहेर पडण्याचा शिक्का आणि ढाका कॅन्टोन्मेंटला उतरल्यावर बांगलादेशात प्रवेशाचा शिक्का, अशी विमानतळासारखी पद्धत आली. रूळ तेच, इंजिन तेच. फक्त कागद तपासण्याची जागा बदलली आणि प्रवासाचे काही तास वाचले.

या सोयीला किंमतही असते. तपासणी झालेले प्रवासी आणि न झालेले प्रवासी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून अशी गाडी मधल्या स्थानकांवर प्रवासी घेऊ शकत नाही. फलाट वेगळा ठेवावा लागतो. तिकीटविक्रीही नेहमीच्या पद्धतीने होत नाही. मैत्रीचे तिकीट आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर मिळत नसे. पासपोर्ट आणि व्हिसा घेऊन कोलकात्यातील ठरावीक खिडकीवर जावे लागे. म्हणजे ठाणे किंवा नाशिकहून बांगलादेशला रेल्वेने जाऊ पाहणाऱ्याला कोलकात्यात पोहोचल्याशिवाय पुढचे तिकीट हातात पडत नसे.

युरोपात हे कसे जमते?

युरोपातील शेंगेन क्षेत्रातील देशांनी आपापसातील सीमांवरची नियमित तपासणीच काढून टाकली. त्यामुळे तिथे पॅरिस-ब्रुसेल्स प्रवास आपल्या मुंबई-सुरत प्रवासासारखा वाटतो. लंडन-पॅरिस गाडीचे तसे नाही, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये कधीच नव्हते. चॅनल टनेलमधून १९९४ मध्ये सुरू झालेल्या युरोस्टारसाठी दोन्ही देशांनी पुढे वेगळा तोडगा काढला. फ्रान्सचे सीमा पोलीस लंडनच्या स्थानकात बसतात आणि ब्रिटनचे अधिकारी पॅरिसमध्ये. प्रवासी गाडीत बसण्यापूर्वीच दोन्ही देशांची तपासणी पूर्ण करतो आणि उतरल्यावर सरळ बाहेर पडतो.

कोलकाता-ढाका व्यवस्था याच्या बरीच जवळ गेली होती. फरक इतकाच, की आपल्या भूमीवर दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्याला शिक्का मारू देण्याइतका विश्वास इथे अजून तयार झालेला नाही. दक्षिण आशियाने तसा प्रयत्न केलाच नाही असे नाही. २०१४ च्या काठमांडूतील सार्क परिषदेत प्रादेशिक रेल्वे कराराचा मसुदा समोर होता. पाकिस्तानच्या आक्षेपामुळे त्यावर सह्या झाल्या नाहीत. पुढच्या वर्षी भारत, बांगलादेश, भूतान आणि नेपाळ यांनी रस्ते वाहतुकीसाठी मोटार वाहन करार केला. त्याला भूतानने मंजुरी दिली नाही.

मग नेपाळची गाडी कशी टिकली?

बिहारच्या मधुबनी जिल्ह्यातील जयनगरहून नेपाळमधील जनकपूरला जाणारी नॅरोगेज रेल्वे १९३० च्या दशकातली. जंगलातील लाकूड वाहून आणणे हा तिचा मूळ उद्देश. पुढे जनकपूरचे जानकी मंदिर, दोन्हीकडचे मैथिली भाषक आणि सीमेपार होणारे विवाहसंबंध यांमुळे ती माणसांची गाडी झाली. ब्रॉडगेजच्या कामासाठी ती २०१४ मध्ये बंद पडली. भारताच्या अर्थसाहाय्यातून जयनगर ते कुर्था हा ३५ किलोमीटरचा मार्ग तयार झाला आणि २ एप्रिल २०२२ रोजी गाडी पुन्हा सुरू झाली. २०२३ मध्ये मार्ग बिजलपुऱ्यापर्यंत वाढला. बर्दिबासपर्यंतचा टप्पा अजून बाकी आहे.

या गाडीत महाराष्ट्राचा हातभार आहे. नवी मुंबईतील बेलापूरला मुख्यालय असलेल्या कोकण रेल्वे महामंडळाने नेपाळला प्रत्येकी पाच डब्यांच्या दोन डेमू गाड्या पुरवल्या. सुरुवातीला त्या चालवण्यासाठी आणि देखभालीसाठी कोकण रेल्वेचे कर्मचारीही तिकडे गेले. इथेही कागदांनी आपला हिसका दाखवलाच. गाड्या सप्टेंबर २०२० मध्ये पोहोचल्या, पण रेल्वे चालवण्यासाठीची कायद्याची चौकट आणि प्रशिक्षित मनुष्यबळ यांची जुळवाजुळव होईपर्यंत त्या सुमारे दीड वर्ष उभ्याच होत्या.

एकदा सुरू झाल्यावर मात्र ती चालली, याचे कारण १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारात आहे. दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. सीमा खुली असल्याने गाडीतील प्रवाशाकडे ओळखपत्र असले की पुरते. संबंधांत ताण नव्हता असे नाही. २०१५ मधील सीमेवरची कोंडी आणि २०२० मधील नकाशाचा वाद ताजा आहे. पण तिथे व्हिसाची खिडकी नसल्याने ती बंद करून गाडी रिकामी पाडण्याची सोयही कोणाकडे नाही. अर्थात मोकळीक सर्वांना नाही. सेवा सुरू होताना भारत आणि नेपाळ सोडून तिसऱ्या देशाच्या नागरिकांना या गाडीतून सीमा ओलांडण्यास सुरक्षेच्या कारणावरून मनाई करण्यात आली होती.

भूतानच्या रेल्वेचा प्रस्ताव काय आहे?

२९ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने भूतानला जोडणाऱ्या दोन मार्गांची घोषणा केली. पहिला आसाममधील कोक्राझार ते भूतानमधील गेलेफू, लांबी ६९ किलोमीटर, अंदाजित खर्च ३४५६ कोटी रुपये, मुदत चार वर्षे. दुसरा पश्चिम बंगालमधील बानरहाट ते सामत्से, लांबी २० किलोमीटर, खर्च ५७७ कोटी रुपये, मुदत तीन वर्षे. एकूण ८९ किलोमीटर आणि ४०३३ कोटी. भूतानमध्ये आजवर रेल्वे नाही. गेलेफू इथे भूतान नवे शहर वसवत आहे, तर सामत्से हे उद्योगांचे ठिकाण आहे. भूतानचा बहुतांश व्यापार भारताशीच होतो आणि समुद्रापर्यंत पोहोचण्याचा त्याचा रस्ताही भारतातूनच जातो. त्यामुळे या मार्गांचा पहिला लाभ मालवाहतुकीला होईल. भारतीयांना भूतानसाठीही व्हिसा लागत नाही, ही गोष्ट प्रवासी वाहतुकीच्या पथ्यावर पडणारी आहे.

सरकारचे धोरण बदलते आहे का?

कागदोपत्री घोषणा नाही, पण कल दिसतो. समझोता, थर आणि मैत्री या गाड्यांमागे ‘लोकांचा लोकांशी संपर्क’ हा विचार होता. ताटातूट झालेल्या कुटुंबांना भेटता यावे, हा त्यांचा हेतू. अलीकडच्या प्रकल्पांत भर आहे तो व्यापार आणि सामरिक गरजांवर. जोगबनी-बिराटनगर मार्गावर जून २०२३ मध्ये मालगाडी सुरू झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारत-नेपाळ पारगमन करारात दुरुस्ती करून तिथल्या मालवाहतुकीला आणखी वाव देण्यात आला. रक्सौल-काठमांडू या सुमारे १४० किलोमीटरच्या नियोजित मार्गाचे सर्वेक्षणही कोकण रेल्वेकडेच आले. डोंगर पोखरून रेल्वे नेण्याचा तिचा अनुभव तिथे कामाला येतो. चीन तिबेटमधील केरुंगहून काठमांडूपर्यंत रेल्वे आणू पाहत असल्याने या मार्गाला घाई आहे.

मालाला व्हिसा लागत नाही आणि वॅगन राजकीय आश्रय मागत नाही. त्यामुळे कोणत्याही सरकारला मालगाडी सोपी वाटते. तणावात पहिला बळी जातो तो प्रवासी गाडीचा. ती बंद केल्याचा तिजोरीवर फारसा भार पडत नाही आणि संदेश मात्र ठळक जातो.

याची झळ कोणाला बसते?

विमानाने जाऊ शकणाऱ्याला पर्याय असतो. रेल्वे बंद झाल्यावर अडतो तो ज्याच्या खिशाला विमान परवडत नाही तो. २०२३ मध्ये भारतात आलेल्या परदेशी पर्यटकांत सर्वाधिक संख्या बांगलादेशींची होती. त्यात उपचारांसाठी येणाऱ्यांचे प्रमाण मोठे. कर्करोगाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला बसच्या लांब प्रवासापेक्षा रेल्वेचा डबा केव्हाही सुसह्य. ऑगस्ट २०२४ नंतर भारताने बांगलादेशातील व्हिसा सेवा मर्यादित केली आणि प्रामुख्याने वैद्यकीय व तातडीच्या कारणांसाठीच व्हिसा दिले जाऊ लागले. उद्या गाडी सुरू झाली तरी व्हिसा मिळेपर्यंत डबे रिकामेच धावतील, ही त्यातली खरी अडचण. कोलकात्यातील रुग्णालये, निवासगृहे आणि न्यू मार्केट परिसरातील दुकानांनाही या ग्राहकांची उणीव जाणवली.

सुरक्षेची बाजूही नाकारून चालणार नाही. पानिपतजवळचा स्फोट, घुसखोरी आणि तस्करी हे खरे प्रश्न आहेत. मात्र रेल्वेने येणारा प्रवासी व्हिसा, पासपोर्ट आणि नोंदीसह येतो. त्याचे नाव, आसन आणि उतरण्याचे ठिकाण सरकारला आधीच कळते. चोरवाटेने येणाऱ्याची यातली एकही नोंद नसते.

नेपाळ, भूतानला जाताना काय जवळ ठेवाल?

दोन्ही देशांसाठी भारतीय नागरिकाकडे वैध पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र असणे सर्वांत सोयीचे. आधार कार्ड पुरेल, या समजुतीवर अनेक जण घरातून निघतात आणि सीमेवर अडतात. आधारची सवलत केंद्रीय गृह मंत्रालयाने १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील प्रवाशांनाच दिलेली आहे. भूतानमध्ये प्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो आणि भारतीय पर्यटकांना प्रत्येक रात्रीसाठी माणशी १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. जनकपूरला रेल्वेने जायचे असेल तर आधी जयनगरपर्यंतचे भारतीय रेल्वेचे तिकीट आणि तिथून नेपाळच्या गाडीचे वेगळे तिकीट, असा प्रवास करावा लागतो.

पुढे काय?

बांगलादेशच्या गाड्यांसाठी रूळ, डबे, फलाट आणि तपासणीची यंत्रणा हे सगळे तयार आहे. दोन्ही राजधान्यांनी ठरवले तर त्या सुरू करायला फार दिवस लागणार नाहीत. पाकिस्तानबाबत तशी शक्यता नजीकच्या काळात दिसत नाही. भूतानचे मार्ग पूर्ण व्हायला काही वर्षे जातील. पण रूळ टाकण्याआधीच प्रवाशांची तपासणी कुठे होणार, तिकीट कुठून मिळणार आणि संबंध ताणले गेल्यास किमान रुग्ण व विद्यार्थ्यांसाठी सेवा चालू ठेवायची का, याची उत्तरे करारात लिहून ठेवता येतात. मैत्री, समझोता आणि थर यांच्या वेळी ती लिहिली गेली नाहीत. म्हणून प्रत्येक संकटात गाडी थांबवणे हा सोपा आणि पुन्हा सुरू करणे हा अवघड निर्णय ठरला. हल्दीबाडी-चिलाहाटीचा साडेपाच दशकांचा आणि मुनाबाव-खोखरापारचा ४१ वर्षांचा खंड पाहता, थांबलेली गाडी आपोआप सुरू होत नाही, हे गृहीत धरूनच पुढचे करार करावे लागतील.